संविधानाचा चौथा भाग कुणीच प्रिंट करून मागत नाही

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

तासगावात सरकारी ऑफिसांच्या जवळ माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं छोटं दुकान आहे, अकरा वर्षं झाली. दर साली नोव्हेंबरचा तिसरा आठवडा लागला की संविधानाच्या उद्देशिकेच्या ऑर्डरी सुरू होतात, शाळा, ग्रामपंचायती, बचत गट, पतसंस्था, सगळ्यांना २६ नोव्हेंबरच्या आत पाहिजे असते, मोठ्या साईजमधे कलर प्रिंट, वरनं लॅमिनेशन, कोण कोण तर फ्रेम पण करून नेतात. मला याचं मनापासून बरं वाटतं, "आम्ही भारताचे लोक" हे शब्द गावागावात भिंतीवर लागतात ही साधी गोष्ट नाही. पण अकरा वर्षांत एकदा, एका पण माणसाने, ताई मला संविधानाचा चौथा भाग प्रिंट करून द्या असं म्हटलेलं नाही आणि तेवढ्यासाठीच हे पत्र लिहायला बसलेय.

चौथा भाग म्हणजे मार्गदर्शक तत्त्वं. सरकारी मराठी प्रतीत त्याला "निदेशक तत्त्वे" म्हटलंय, तो शब्द वाचूनच निम्मे लोक पान उलटतात. कलम ३६ पासून ५१ पर्यंत, मधे नंतर घातलेली ३९ क, ४३ क, ४३ ख आणि ४८ क धरली तर एकूण वीस कलमं. मी दिवाळीच्या सुट्टीत दुकान बंद असताना ती सगळी स्वतः टाईप केली, चार पानात बसली. शाळेत आपण हे नागरिकशास्त्रात पाठ केलेलं असतं, मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वे यातील फरक सांगा, आणि उत्तर पण सगळ्यांना एकच येतं, हक्कांसाठी कोर्टात जाता येतं, तत्त्वांसाठी जाता येत नाही. झालं, तिथंच विषय संपतो.

पण कलम ३७ पूर्ण वाचलं तर त्यात तीन गोष्टी एका दमात सांगितल्यात. कोर्टाकडून अंमल करून घेता येणार नाही ही पहिली. तरीसुद्धा देशाचा कारभार चालवण्यासाठी ही तत्त्वं मूलभूत आहेत ही दुसरी. आणि कायदे करताना ती लागू करणं हे राज्याचं कर्तव्य राहील ही तिसरी. आपल्याला पाठ आहे ती फक्त पहिली. आणि त्याच्या आधीचं कलम ३६, जे कुणीच वाचत नाही कारण त्यात नुसती व्याख्या आहे, त्यात म्हटलंय की इथं "राज्य" या शब्दाचा अर्थ तिसऱ्या भागात आहे तोच, आणि तिसऱ्या भागात कलम १२ मधे राज्य म्हणजे केंद्र सरकार, संसद, राज्य सरकार, विधिमंडळ आणि सगळ्या स्थानिक संस्था असं स्पष्ट आहे. म्हणजे नगरपालिका आली, झेडपी आली, आणि आपल्या गावची ग्रामपंचायत पण आली! मी हे टाईप करता करता थांबले आणि परत वाचलं. म्हणजे ही वीस कलमं दिल्ली-मुंबईसाठी आहेत असं आपण धरून चालतो ते चुकीचं आहे, ती आपल्या सरपंचांसाठी आणि सदस्यांसाठी पण आहेत.

ही तत्त्वं ठरताना काय झालं ते पण लोकांना माहीत पाहिजे असं मला वाटतं. मसुदा समिती २९ ऑगस्ट १९४७ ला नेमली, बाबासाहेब अध्यक्ष, मसुदा १९४८ च्या फेब्रुवारीत लोकांपुढे ठेवला आणि आठ महिने तो लोकांसमोर होता, मग ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी तो घटना समितीत मांडला. पुढं ७,६३५ दुरुस्त्या आल्या आणि त्यातल्या २,४७३ सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. एवढ्या दुरुस्त्या वाचायच्या, त्याला उत्तरं द्यायची, मधुमेहाने शरीर पोखरलेलं असताना, विचार केला तरी अंगावर काटा येतो. मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेतून घेतलेली, आणि तिच्यावर सभागृहात चांगलीच टीका झाली. के. टी. शहा म्हणाले की हा असा चेक आहे की बँकेला जमेल तेव्हा वटवायचा. टी. टी. कृष्णम्माचारींनी तर याला भावनांची कचराकुंडी म्हटलं, आणि ते स्वतः पुढं मसुदा समितीतच होते. आज पण कोण हे म्हणालं तर लोक माना डोलवतील, कारण ऐकायला पटतं.

यावर बाबासाहेबांचं उत्तर आधीच देऊन झालेलं होतं, ४ नोव्हेंबरच्याच भाषणात. माझ्या शब्दात सांगते. सत्ता कोणाच्या हातात जाईल ते लोक ठरवतील, पण जो कोणी सत्तेवर येईल त्याला मनाला येईल तसं वागायची मोकळीक नाही, ही तत्त्वं म्हणजे त्याला दिलेल्या सूचना आहेत, त्या मोडल्या म्हणून त्याला कोर्टात उत्तर द्यावं लागणार नाही कदाचित, पण निवडणुकीच्या वेळी मतदारांपुढं नक्की द्यावं लागेल. हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल. म्हणजे बाबासाहेबांनी कोर्टाच्या जागी कोणाला बसवलं तर आपल्याला. माझ्या दुकानात येणाऱ्या माणसाला. आणि ज्याला न्यायाधीश केलंय त्यालाच केसचे कागद माहीत नाहीत अशी आजची परिस्थिती आहे.

आता हे कागद माहीत असले तर काय होतं ते डोळ्यांनी बघितलेलं सांगते. २०२२ च्या उन्हाळ्यात पूर्व भागातल्या एका गावातनं एक मावशी आल्या, बरोबर अजून पाच बायका. रोजगार हमीचं काम पाहिजे होतं. ग्रामपंचायतीत गेलं की काम नाही म्हणून सांगतात, अर्ज घेत नाहीत, तोंडी परत पाठवतात. मी अर्ज टाईप केला, सहा जणींची नावं, जॉबकार्ड नंबर, कोणत्या तारखेपासून काम पाहिजे ते, आणि सांगितलं की पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही, तारीख आणि शिक्का बघून घ्या. चार दिवसांनी परत आल्या, पोच दिली नाही म्हणाल्या, वर "तुम्हाला कोणी शिकवलं हे" म्हणून विचारलं. मग आम्ही तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवला, पोचकार्ड जोडून, एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना. आठवड्याने पोचकार्ड सही होऊन परत आलं ते मावशींनी मला दाखवायला आणलं, रेशनकार्डाच्या प्लॅस्टिक कव्हरमधे घालून, दोन्ही हातांनी धरून. आणि पंधरा दिवस व्हायच्या आत काम निघालं, रोपवाटिकेचं. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात होतंच ते, मागितल्यापासून पंधरा दिवसात काम नाहीतर बेरोजगार भत्ता, पण मागितल्याचा कागदच नसला तर दिवस कुठनं मोजायचे?

त्या मावशींना मी एवढंच विचारलं की तुम्हाला माहितीय का ही योजना कुठं जन्मली. त्यांना माहीत नव्हतं. संपादक साहेब, ती आपल्याच तालुक्यात जन्मली हो! विसापूरचे वि. स. पागे, १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती, त्यांनी ही कल्पना मांडली आणि १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यातच तिचा पहिला प्रयोग झाला. मागेल त्याला काम. कलम ४१ मधे लिहिलंय की राज्याने आपल्या ऐपतीप्रमाणे कामाचा हक्क मिळवून देण्यासाठी तरतूद करावी, तिथं "ऐपतीप्रमाणे" हा शब्द आहे आणि के. टी. शहांचा आक्षेप अगदी त्याच शब्दावर बसतो. पण पागेसाहेबांच्या या विचारातनं महाराष्ट्राने ऐपत तयार केली. १९७५ ला व्यवसाय कर लावला, पगारदार आणि व्यावसायिक माणसांनी दर वर्षाला थोडं द्यायचं आणि त्यातनं गावाकडच्या माणसाला काम द्यायचं. १९७७ ला कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू केला. तारीख बघा. पुढं देशाने २००५ ला कायदा केला तो याच अनुभवावर. चेक वटला म्हणायचं की नाही?

माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर होती. खडी फोडायला. उजव्या हाताचा अंगठा हातोडीखाली ठेचला तो शेवटपर्यंत वाकडा राहिला, भाकरी थापताना तो वेगळाच दिसायचा. दुपारी सुकडी मिळायची ती ती थोडी पदराला बांधून आणायची, माझ्या आईसाठी आणि मामासाठी. तिला कलम ४१ माहीत नव्हतं, पण सरकारने काम काढलं नसतं तर आम्ही उरलो नसतो असं ती सरळ सांगायची. म्हणून मला कोणी म्हटलं की मार्गदर्शक तत्त्वं म्हणजे नुसती चांगली चांगली वाक्यं, तर मला तो अंगठा आठवतो.

दुसरं कलम ४५. मूळ घटनेत या एकाच तत्त्वाला मुदत घातली होती, घटना लागू झाल्यापासून दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण. म्हणजे १९६० पर्यंत. सभागृहात एक सूचना अशी आलेली की हे फक्त प्राथमिक शिक्षणापुरतं ठेवा, तेव्हा बाबासाहेबांनी ते मानलं नाही, कारण चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला कारखान्यात-खाणीत कामाला लावायचं नाही हे दुसऱ्या कलमात ठरलेलं होतं, मग ते मूल कामावर नाही तर कुठं असणार, शाळेतच असलं पाहिजे. किती साधा हिशोब आहे हा. पण १९६० गेलं. ८६ वी घटनादुरुस्ती २००२ ला होऊन शिक्षण मूलभूत हक्क झालं, कलम २१ क, आणि कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. दहा वर्षांचं काम साठ वर्षांवर गेलं, आणि मधल्या काळात जी पोरं राहिली त्यांचं वय काही परत येत नाही. सरकारला थांबायला वेळ होता तेव्हा आपल्याकडं कर्मवीर भाऊराव थांबले नव्हते, १९१९ ला कराडजवळ काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात आणली, सगळ्या जातींची पोरं एका वसतिगृहात एका पंगतीला बसवली, तेव्हा संविधान कुणाच्या स्वप्नात पण नव्हतं.

आणि आज? सीझन सुरू झाला की आमच्या रस्त्याकडेला ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. सकाळी अंधारातच आई-बाप कोयता घेऊन फडात जातात आणि आठ-नऊ वर्षांची पोरगी सव्वा वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन कोपीपुढं उभी असते. गेल्या सीझनला अशी एक पोरगी माझ्या दुकानात आधारकार्डाची झेरॉक्स काढायला आली, पैसे मोजून बरोबर दिले, आणि भिंतीवरची उद्देशिका एकेक अक्षर लावून वाचायला लागली, "सा-मा-जिक" पर्यंत आली आणि भाऊ रडायला लागला म्हणून गेली. आता कलम ४५ बदलून सहा वर्षांच्या आतल्या मुलांची देखभाल आणि शिक्षण असं झालंय, म्हणजे तो भाऊ कलम ४५ मधे येतो आणि ती बहीण २१ क मधे. दोघंही घटनेत आहेत. शाळेत कोणीच नाही. हे आमच्या ग्रामसभेत कुणी विचारलं का, तर नाही, कारण ते आपल्या गावचे मतदार नाहीत.

कलम ४० ग्रामपंचायतीचं. याच्याबद्दल मला जरा जास्त लिहायचंय कारण याच्या दोन्ही बाजू आपल्याच मातीत आहेत. औंध संस्थान सगळ्यांना यमाई आणि संग्रहालयासाठी माहीत असतं, पण तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ च्या जानेवारीत आपली सत्ता प्रजेच्या हातात दिली, त्यासाठी स्वतंत्र घटना केली, तिच्या मसुद्याला गांधीजींचा सल्ला होता आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे इंजिनियर त्यात खपले होते. गावाने पाच जणांची पंचायत निवडायची, तिच्यातून तालुका आणि तिथून वर. आज सांगली जिल्ह्यात असलेलं कुंडल आणि आटपाडी तेव्हा औंध संस्थानातच होतं. म्हणजे देशाची घटना लागू व्हायच्या अकरा वर्षं आधी आपल्याकडच्या काही गावांनी लिहिलेल्या घटनेप्रमाणे कारभार केलेला आहे. शाळेच्या सहलीत ही गोष्ट कोणी सांगत नाही.

आणि दुसरी बाजू. १९०१ ची गोष्ट. साताऱ्यात शिकणारा दहा वर्षांचा भिवा (७ नोव्हेंबर १९०० ला तिथल्या ज्या शाळेत त्याचं नाव घातलं ते आजचं प्रतापसिंह हायस्कूल) भावंडांबरोबर वडिलांना भेटायला गोरेगावला निघाला. मसूर स्टेशनवर उतरले, न्यायला कुणी आलं नाही, जात कळल्यावर गाडीवान बसवून घेईनात. शेवटी दुप्पट भाडं ठरलं आणि बैलगाडी त्या पोरांनी स्वतः हाकायची, गाडीवान बाजूने चालणार. जवळ डबा होता पण प्यायला पाणी कुठं मिळालं नाही. ज्याने हे भोगलं त्याने ४७ वर्षांनी घटना समितीत उभं राहून खेडं म्हणजे कोतेपणा, अज्ञान आणि जातीयवादाचं घर आहे असं म्हटलं, आणि मसुद्यात गावाच्या जागी व्यक्ती हे एकक धरलं याचा आनंद आहे असंही म्हटलं, तर त्याचं आश्चर्य का वाटावं. खूप सदस्य रागावले त्यांच्यावर. पण १८ दिवसांनी के. संतानम यांनी ग्रामपंचायतींचं कलम घाला अशी दुरुस्ती आणली तेव्हा बाबासाहेबांनी ती स्वीकारली, लांबलचक भाषण न करता. तेच आजचं कलम ४०. पुढं ७३ वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि पंचायतीला खरी घटनात्मक ताकद मिळाली, महिलांच्या आणि मागासवर्गीयांच्या जागा आल्या. मला वाटतं औंधचा विश्वास आणि मसूरचा अनुभव दोन्ही घेऊन ग्रामसभेत बसलं पाहिजे, नुसतं "आमचं गाव लय भारी" म्हणून चालणार नाही.

कलम ३९ मधला खंड (ख) वाचताना मला आमच्या येरळेवरचं बळीराजा धरण आठवतं. कलम म्हणतं समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी आणि नियंत्रण सगळ्यांच्या हिताला उपयोगी पडेल असं वाटलं जावं. खानापूर तालुक्यातल्या बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी ऐंशीच्या दशकात मुक्ती संघर्षच्या चळवळीत, नदीतली वाळू विकून पैसा उभा करून ते धरण बांधायला घेतलं आणि पाणी जमिनीच्या मापावर नाही, घरटी वाटायचं, ज्याला जमीन नाही त्याला पण वाटा, असा नियम केला. भूमिहीनाला पाण्याचा वाटा! वकील लोक या कलमावर मोठमोठे निकाल सांगतात, ते महत्त्वाचे असतीलच, पण कलम समजून घ्यायला मला येरळा जवळ पडते.

काही कलमांवर टीव्हीवर रोज भांडणं चालतात, ४४ म्हणजे समान नागरी कायदा आणि ४८ म्हणजे गोहत्याबंदी, कोणालाही विचारा, तोंडपाठ. मी त्यात पडत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ४३ मधलं जगण्याइतकं वेतन, ४७ मधलं पोषण आणि आरोग्य, ४२ मधली बाळंतपणाची मदत, यावर पण तेवढ्याच तावातावाने कुणीतरी बोला. ३९ क चं तर साधं आहे, मोफत वकील, आणि बाईला तो उत्पन्नाचा दाखला न बघता मिळतो, अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा. माझ्या दुकानातनं पोटगीचा कागद टाईप करून जाणाऱ्या दहापैकी आठ बायकांना हे माहीत नसतं, आणि त्यांनी वकिलाच्या फीसाठी डोरलं गहाण ठेवलेलं असतं.

म्हणून दोन विनंत्या आहेत. पहिली सगळ्या सातारा-सांगलीच्या सरपंचांना आणि ग्रामसेवकांना. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत उद्देशिका वाचून झाली की खाली बसू नका, त्या चार पानांमधली निदान पाच कलमं मोठ्याने वाचा, ३६, ३७, ४०, ४१ आणि ४५, आणि प्रत्येकानंतर थांबून विचारा की यातलं आपल्या गावात यंदा काय झालं. दहा मिनिटं लागतील. उत्तर आलं नाही तर तसं प्रोसिडिंगला लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी विचारता येईल. प्रिंट मी फुकट देते, ज्या गावाला पाहिजे त्याने माणूस पाठवावा, कागदाचे पण पैसे नकोत.

दुसरी विनंती तुम्हाला. याच पानावर रोज एक कलम छापा, वीस दिवसांचं काम आहे. नुसतं कलम, साध्या मराठीत, त्याच्यावर कुणाचा लेख नको. सुरुवात ३६ पासूनच करा, व्याख्या आहे म्हणून गाळू नका. आणि अक्षर मोठं ठेवा साहेब, अर्ज लिहून घ्यायला येणारी कितीतरी माणसं पेपर माझ्याच काउंटरवर वाचतात, आणि त्यांचा चष्मा घरी राहिलेला असतो.

आपली एक वाचक,
तासगाव, जि. सांगली